सातवा खण

६ मार्च

गुंडे,

आशीर्वाद घे, गालावर एक पापा घे आणि एकटी असशील तेव्हा वाच. तुझं पाकीट मिळालं. त्या नाण्याचा फोटो एवढा मोठा करून पाठवलास की आधी मला वाटलं, हे नाणं आहे की जेवायचं ताट! होडीच्या दोऱ्यासुद्धा मोजता येतात. मोजल्या मी. नऊ आहेत.

पत्रच का, फोन का नाही, असं विचारू नकोस. फोन बाहेरच्या खोलीत आणि तुझे आजोबाही बाहेरच्या खोलीत. त्यांना एरवी मी हाक मारलेली ऐकू येत नाही, पण फोनवर "नाणं" म्हटलं की लगेच कान टवकारतात. ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांना चकित करायचं आहे ना आपल्याला? मग लिही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, ओळ तिरकी जाते, पण तू चष्म्याच्या दुकानात कामाला आहेस, तुला तिरकं वाचायची सवय असेल.

आता तू विचारलंस म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. यांची ती लाकडी पेटी तू पाहिली आहेस. बारा खण, आत निळं मखमल (मी शिवलेलं, कोपरे बघ एकदा), बारा वर्षांची बारा होडीची नाणी. सातवा खण रिकामा. सातव्या वर्षी टाकसाळीत कोणाची तरी डुलकी लागली आणि नाण्यावर शीड एका बाजूला फुगलेलं आणि झेंडा दुसऱ्या बाजूला फडकतोय असं झालं. वारा काय दोन्हीकडून वाहतो? चूक कळल्यावर त्यांनी ती नाणी परत घेतली. थोडी राहिली, त्यातलं एक आपल्याकडे होतं. त्याच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी एक बारीक खाच होती.

एकतीस वर्षांपूर्वी यांनी सगळी नाणी धुवायला काढली. त्या दिवशी यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भावोजी, बायकोला घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी नाणी परत लावली तर सातवं नाही. हे तडक भावाकडे गेले. भावोजी म्हणाले, "माझी झडती घे." आणि यांनी खरंच खिसे बघितले गं! तिथेच संपलं. राहतात बसने तीन थांब्यांवर, पण तुझ्या बापाच्या लग्नालाही आले नाहीत.

माझं म्हणशील तर, भावोजींची बायको, धाकटी, ही माझी शिवणातली भागीदार होती. चौदा वर्षं आम्ही दोघींनी मिळून पडदे शिवले. शाळांचे, सिनेमांचे, दवाखान्यांचे. लांब कापड एकटीला कापता येत नाही, दुसरं टोक कोणीतरी धरावं लागतं. पण मी नवऱ्याच्या बाजूने उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

तर तुझ्या फोटोतलं ते सातव्या वर्षाचं नाणं या बावीस तारखेला लिलावात आहे, लॉट नंबर एकशे अठरा. मी जाऊन बसणार.

तुझी,
आजी

१० मार्च

प्रिय आजी,

दार लावून वाचलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या खुर्चीवर बसून.

तू जाऊन बसणार म्हणजे काय? अगं, तो लिलाव ऑनलाइन पण आहे. मी नाव नोंदवलंय. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता बोली लावीन, एका बोटाने. तिथे तीन-तीन तास लोखंडी खुर्च्यांवर बसावं लागतं. सगळे नाणेवाले काका तुझ्याकडे बघणार, तू त्यांच्याशी गप्पा मारणार आणि गप्पांच्या नादात तुझी बोलीची पाटी वर जाणार. मग घरी काय आणशील सांगता येत नाही. एखादा खजिना नाहीतर एखादा काका.

आणि फोटोत जे दिसतं ते तुला हातात घेऊन दिसणार आहे का? मी झेंड्याची शिवणसुद्धा बघितली! म्हणून नियम ठरला: बोली मी लावणार, तू घरी बसणार. आपणच आपल्यावर बोली चढवली तर हातोडीवाला हसेल.

एक विचारू? धाकट्या आजोबांनी ते खरंच घेतलं होतं का? मी तर त्यांना कधी पाहिलंच नाही.

तुझी,
गुंडी

१४ मार्च

गुंडे,

मी जाऊन आले.

ओरडू नकोस. लिलाव नव्हता, नुसतं बघायचा दिवस होता. लिलावाआधी नाणी मांडून ठेवतात आणि कोणालाही हातात घेऊन बघू देतात, फुकट! आजोबांना सांगितलं, मशीनची सुई आणायला जाते. सुई आणलीही. खोटं मी अर्धवट बोलत नाही.

लांबलचक सभागृह, टेबलांवर हिरवं कापड, आणि रांगेने पुरुषच पुरुष, एका डोळ्यात भिंग अडकवून बसलेले. कोणी मान वर करीना. मी एकाला म्हटलं, "भाऊ, जरा सरका," तर सगळी रांग सरकली. एकशे अठरा नंबर मागितला. पांढरे मोजे दिले घालायला. मी म्हटलं, हात धुतलेत, तर म्हणे नियम आहे. मी नाणं टेबलावर आपटून वाजवून बघणार, एवढ्यात तिथले साहेब उडालेच. "आजी! नाणं वाजवत नाहीत इथे!"

आता ऐक. तुझ्या फोटोत ते जे झळझळीत दिसतं ना, ती झळाळी नाही, घासणी आहे. कोणीतरी पावडर लावून खसाखसा घासलंय. उजेडात तिरकं धरलं की ओरखडेच ओरखडे. खोटं नाही, खरंच आहे, पण अंगाची सालं काढलेलं. फोटोत ते कळत नाही, कारण फोटो सरळ काढतात आणि माणूस तिरकं बघतो. खाच नव्हती, म्हणजे आपलंही नाही. पण सातव्या वर्षाचं आहे हे नक्की. घासलेलं असलं तरी रिकाम्या खणापेक्षा बरं.

भावोजींचं विचारलंस. घेतलंच असणार. नाहीतर गेलं कुठे, पाय फुटले त्याला? मी इतकी वर्षं हेच म्हणत आले आहे.

ते सभागृह मला फार ओळखीचं वाटत होतं, पण कशामुळे ते आठवेना. साठी उलटली की असं होतं. माझी तर सत्तरीसुद्धा उलटून गेली. खिडकीजवळची खुर्ची हेरून ठेवली आहे. वारा येतो.

तुझी आजी
(बावीसला जाणार. बोली लावणार नाही, शपथ.)

१८ मार्च

प्रिय आजी,

ठीक आहे, जा. तू ऐकणार नाहीस हे मला माहीत होतं, आणि आता माझंही एक कबूल करते.

दोन महिन्यांपूर्वी मी सरावासाठी ऑनलाइन एक नाणं घेतलं होतं. पाचव्या वर्षाचं, साधं. फोटो इतका सुंदर! घरी आलं तर मधोमध भोक, आणि त्या भोकात कोणीतरी धातूचा ठिपका भरून वरून रंग दिलेला. आईबाबांना अजून सांगितलं नाही. डोळे तपासणारी मी, आणि मला भोक दिसलं नाही, हे दुकानात कळलं तर जन्मभर चिडवतील.

तेव्हा तू माझे डोळे, मी तुझा हात. मी स्कूटरसाठी साठवलेले पैसे आहेत, त्यातून एक आकडा ठरवलाय, त्याच्या वर जाणार नाही. तू शांत बस. कोणाशी बोलू नकोस. नाणी वाजवू नकोस.

तुझी,
गुंडी

२३ मार्च

आजी!!

मिळालं! नाणं आपलं झालं! पण आधी मला सांग, तिथे झालं काय?

मला फक्त हातोडीवाले साहेब दिसत होते आणि खाली अक्षरं. मी आकडा टाकला की लगेच "सभागृह" असं यायचं. परत मी, परत "सभागृह". कोण होता तो हट्टी माणूस? माझा आकडा संपला, मी त्याच्याही वर गेले (आईला सांगू नकोस), आणि एकदम बाजूने कोणीतरी ओरडलं, काहीतरी धाडकन पडलं, साहेब म्हणाले, "कृपया बसून घ्या," आणि हातोडी आपटली. "अभिनंदन" आलं आणि चित्रच बंद! दहा मिनिटं!

घरी फोन केला तर आजोबा म्हणाले, "ती अजून सुई घेऊन आलेली नाही." आज सकाळी केला तर म्हणाले, "तुझी आजी कालपासून काही बोलत नाहीये, शिवणाची पेटी घेऊन कुठेतरी गेली." तू बोलत नाहीस? तू? मला घाबरवू नकोस. पडली का तू? का कोणा भिंगवाल्याने फसवलं? लगेच लिही.

गुंडी

२६ मार्च

गुंडे,

मी पडले नाही. पडदा पडला. क्रमाने सांगते, मध्ये प्रश्न विचारू नकोस.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. नंबराची पाटी शपथेप्रमाणे मांडीखाली ठेवली. लॉट सरकत होते, मला काही कळत नव्हतं, म्हणून शेजारचा पडदा हातात घेतला. दुसऱ्याच्या पडद्याची मुडप, म्हणजे खालची दुमडलेली कड, उलटून बघायची खोड मला जन्माची आहे. बघते तर कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे तीन टाके! मरून रंगाच्या पडद्याला हिरवा दोरा जगात एकच बाई घालते. धाकटी. ती म्हणायची, "बाई, इंजिनियर पुलावर पाटी लावतात, आपण तीन टाके तरी घालू." आमचे पडदे! एकतीस वर्षांपूर्वी त्या सभागृहाचे अकरा पडदे आम्हीच शिवले होते. आमचं शेवटचं काम. म्हणून ते ओळखीचं वाटत होतं!

मी इतकी खूश झाले की उठून सगळ्यांना सांगणार होते. तू गप्प राहायला सांगितलं होतंस म्हणून नुसती मुडप चाचपत बसले. पडदा सरळ लोंबावा म्हणून मुडपेत वजनाला शिशाच्या चकत्या घालतात. एक, दोन, तीन, सगळ्या जाड, सारख्या. कोपऱ्यातली मात्र पातळ आणि मोठी. अंगठा कडेवरून फिरवला. खाच लागली.

बारीक. उंदराने कुरतडल्यासारखी.

मग सगळं आठवलं. त्या दिवशी एक चकती कमी पडली होती. आम्ही अशा वेळी बाद झालेली जुनी नाणी घालायचो, डबाभर होती. माझ्या मशीनपाशी एक काळं मिचकूट नाणं पडलं होतं. यांनी धुवायला काढलेलं, न पुसलेलं, काळं पडलेलं. मला काय ठाऊक? मी उचललं, घातलं, टाके मारले, आणि सकाळी पडदे गेले. भावोजींनी घेतलं नव्हतं. त्यांच्या वहिनीने घेतलं होतं.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "लॉट एकशे अठरा." तुझे आकडे समोरच्या मोठ्या स्क्रीनवर चढायला लागले, आणि शेवटच्या रांगेतून एक पाटी वर. परत तुझा आकडा. परत ती पाटी. मी वळून बघितलं. भावोजी! केस सगळे पांढरे, अंगात तोच राखाडी कोट, पाटी काही खाली येत नाही. एकीकडे माझी नात, दुसरीकडे माझा दीर, दोघं एका घासलेल्या नाण्यासाठी जीव टाकतायत, आणि खरं नाणं माझ्या चिमटीत!

तुला कशी थांबवणार? तू त्या फोनच्या काचेपलीकडे. पण समोरच्या माणसाला थांबवता येतं. मी उठले आणि ओरडले, "भावोजी, हात खाली करा! नाणं इथे आहे!" एकतीस वर्षांतलं पहिलं वाक्य. मुडप सोडायचं मात्र भान राहिलं नाही. पडदा माझ्याबरोबर निघाला, वरचा दांडा निखळला, दोन भिंगवाले त्याच्याखाली. साहेब म्हणाले, बसून घ्या. भावोजींचा हात घाबरून खाली गेला आणि नाणं तुला मिळालं.

नंतर ते आले. मी पडद्यात गुरफटलेली. म्हणाले, "वहिनी?" मी नुसता त्यांचा अंगठा धरून खाचेवर ठेवला. ते बराच वेळ अंगठा हलवत राहिले. मग खुर्चीत बसले आणि त्यांना हसू आवरेना. म्हणाले, "मी हे नाणं दादाच्या वाढदिवसाला त्याच्या दारात ठेवून, बेल वाजवून पळून जाणार होतो." मी म्हटलं, "शहात्तराव्या वर्षी पळणार कुठे होतात?" म्हणाले, "तीच अडचण होती."

सभागृहाच्या व्यवस्थापक बाई पडद्याचा हिशेब मागायला आल्या. मी म्हटलं, नाणं माझं, मुडप तुमची. तुमच्या अकराही पडद्यांच्या मुडपा झिजल्या आहेत, त्या फुकट नव्याने घालून देते, मला हा एक कोपरा उसवू द्या. बाई चांगल्या निघाल्या. म्हणून तेवीसला सकाळीच शिवणाची पेटी घेऊन गेले होते. नाणं आता माझ्या सुयांच्या डबीत आहे.

यांना सांगितलेलं नाही. नवऱ्याची बाजू घेऊन एकतीस वर्षं ज्या माणसाला चोर म्हटलं, तो चोर मी. यांनी भावाचे खिसे तपासले, माझे तपासले असते तर... माझ्या झग्याला खिसाच नव्हता. आणि धाकटीला काय तोंड दाखवू? तू पत्र लिहून यांना कळवशील का? तुझं अक्षर सरळ आहे.

आजी

३० मार्च

माझ्या चोर आजे,

दुकानात पत्र वाचलं आणि इतकी हसले की गिऱ्हाईकाला चुकून दुसऱ्याच नंबराची काच लावली. मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि मागच्या खोलीत जाऊन रडले पण.

नाही. मी लिहिणार नाही. तू मला काय म्हणालीस? समोरच्या माणसाला थांबवता येतं. मग आजोबांसमोर जा. ते काय करतील? रागावतील. रागावले की ते चष्मा काढून ठेवतात आणि चष्मा नसला की त्यांना तू नीट दिसतच नाहीस. तुला तर बरंच आहे!

माझं घासलेलं नाणं सोबत पाठवते आहे. बघ, खरंच ओरखडे आहेत. दुकानातल्या दिव्याखाली तिरकं धरल्यावर दिसले. आता त्याचं काय करायचं ते तूच ठरव. स्कूटर राहू दे, मला चालायला आवडतं.

आणि धाकट्या आजीकडे जा. आजोबांआधी गेलीस तरी चालेल.

तुझी,
गुंडी

९ एप्रिल

गुंडे, गुंडे, गुंडे,

बस. पाणी पी. मी पण पिते.

वाढदिवसाच्या सकाळी हे पेटी पुसायला बसले. मी आदल्या दिवशीच नाणं सातव्या खणात ठेवलं होतं, न घासता, काळं तसंच, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. पाचवा खण पुसला. सहावा पुसला. मग फडकं थांबलं. मग म्हणाले, "कुठे होतं?"

"सभागृहाच्या खिडकीच्या पडद्यात."

"कोणी घातलं?"

"मी."

चष्मा काढून ठेवला. तू म्हणालीस ते खरं निघालं. पण ओरडले नाहीत. चष्मा परत घातला, बूट घातले, टोपी घातली, आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

"धाकट्याकडे."

"आधी फोन तरी करू या."

"फोन नाही, चिठ्ठी नाही. समोर उभा राहून ऐकून घेणार आहे तो जे म्हणेल ते."

मी तुझं घासलेलं नाणं पिशवीत टाकलं. बसमध्ये हे सारखे काहीतरी पुटपुटत होते. भाषण पाठ करत होते बहुतेक. भावोजींनी दार उघडलं आणि भाषण गेलं उडून. दोघं एकमेकांकडे बघत उभे, मधल्या पायपुसण्यावर कोणी पाय ठेवीना. शेवटी यांनी माझ्या पिशवीत हात घालून तुझं नाणं काढलं आणि पुढे केलं. म्हणाले, "घे. तुझाही सातवा रिकामाच असणार."

रिकामाच होता गं. भावोजींनी पेटी आणून दाखवली. लहानपणी दोघांनी मिळून जमवायला सुरुवात केली होती, सगळं सारखं. चोरलं असतं तर याच खणात ठेवलं असतं ना? हे मला एकदाही सुचलं नाही.

भावोजींनी नाणं भिंगातून बघितलं, तिरकं केलं आणि म्हणाले, "दादा, हे घासलेलं आहे. तुला फसवलं."

"मला कोण फसवणार? ते माझ्या नातीने घेतलंय!"

"मग तिला फसवलं!"

"तिचे डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत!"

आणि झाले सुरू. मी काय करणार, आत गेले.

धाकटी आतल्या खोलीत बसली होती. दाराकडे पाठ, हातात काहीतरी शिवण. वळली नाही. मी उंबऱ्यात उभी. तीच म्हणाली, "हिरवा दोरा तसाच होता का?"

म्हटलं, "होता. तीन टाके."

"मग त्या वेळीच मला का नाही विचारलंस? मी सांगितलं असतं, बाई, कोपऱ्यातलं वजन बघ."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"नाही गं. पण आपण दोघींनी बसून आठवलं असतं तर आठवलं असतं."

तिच्या शेजारी बसले. तिच्या सुईत दोरा ओवला जात नव्हता, तो मी ओवून दिला. तिच्या डोळ्यांना नंबर लागलाय, तू बघ जरा, आणि चांगली काच लाव.

तुझे पैसे दोघा भावांनी मिळून पाठवलेत, पाकिटात आहेत. निम्मे निम्मे ठरलं होतं, पण प्रत्येक जण म्हणत होता, जास्त मी देणार. त्यावरही बसमध्ये मागच्या सीटवर बसून भांडले. हो, परत येताना भावोजी आमच्याबरोबर घरी आले, ते नाणं काळं ठेवायचं की धुवायचं हे ठरवायला. अजून ठरलेलं नाही. रोज येतात ठरवायला.

आणि आता मी हे कुठून लिहितेय? सभागृहातून! अकरापैकी सात मुडपा झाल्या. आठवा पडदा टेबलावर पसरलाय आणि त्याचं दुसरं टोक धरून धाकटी उभी आहे, "ए बाई, पत्र काय लिहितेस, हात दुखला माझा" म्हणून ओरडतेय. वजनाला सगळीकडे शिशाच्या चकत्याच घालतोय. घालायच्या आधी मी मोजते, मग ती मोजते, मग माझे खिसे बघते. या झग्याला दोन आहेत.

कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे टाके आता सहा घालतो. तीन तिचे, तीन माझे.

जाते, नाहीतर पडदा सोडून देईल.

तुझी,
आजी